नवीन कॉम्प्युटरचा ठराव करण्याआधी

 

मार्च महिना जवळ आला, हिशोब पूर्ण करायची घाई सुरू झाली, की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. ग्रामसंघाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू करायचा, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून यायचं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असतं. मग दुकानदाराला बोलावतात. तो दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "ताई, जुना झालाय हा. नवीन घ्या." पुढच्या बैठकीत विषय निघतो आणि तीस-चाळीस हजारांचं कोटेशन वहीला टाचलं जातं.

ते पैसे आले कुठून, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेवढ्या रकमेत दोन-तीन जणींना शेळ्यांसाठी कर्ज देता येतं, एखादीच्या घरी शिलाई मशीन येतं. म्हणून ठरावावर सही करण्याआधी एक दुपार त्या जुन्या कॉम्प्युटरला द्या, एवढंच आमचं म्हणणं आहे. पाच-सहा वर्षांचं मशीन म्हणजे काही म्हातारं नव्हे. बहुतेक वेळा त्याच्यावर ओझं फार झालेलं असतं, आणि ते उतरवायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये विंडोज १० किंवा ११ असतं, म्हणून त्याचंच सांगतो. वही-पेन घेऊन बसा.

पण कशालाही हात लावण्याआधी नक्कल काढायची. टॅलीचा डेटा, एक्सेलचे तक्ते, बैठकीची इतिवृत्तं, कर्जाची कागदपत्रं, मेळाव्याचे फोटो, सगळं एका पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. शक्य असेल तर महत्त्वाच्या फाइली गटाच्या ईमेलच्या गुगल ड्राइव्हवरही चढवा. आमच्याच भागातल्या एका संघानं हळू चालणारा कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता. दुकानदारानं न विचारता फॉरमॅट मारला. मशीन पळायला लागलं, पण चार वर्षांचे हिशोब गेले. नंतर बायांनी पासबुकं आणि हाताच्या वह्या गोळा करून एकेक आकडा परत भरला. दुरुस्तीला देताना "काहीही पुसायचं नाही" हे चिठ्ठीवर लिहून द्या आणि तिच्यावर त्याची सही घ्या. त्या मशीनमध्ये आपल्या बायांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या नकला असतात, हेही लक्षात असू द्या.

आता पहिला प्रश्न. हळू नक्की कोण आहे? एखादी वेबसाइट उघडत नाही म्हणून कॉम्प्युटरला दोष देण्यात अर्थ नाही. नेट बंद करा आणि कॉम्प्युटरमधलीच एखादी एक्सेलची फाइल उघडा. ती पटकन उघडली, टाइप केलेलं लगेच उमटलं, तर मशीन ठीक आहे. अडचण नेटची आहे, नाहीतर त्या वेबसाइटवर गर्दी आहे. मार्चअखेरीला सरकारी पोर्टल रांगतं, तेव्हा नवा कॉम्प्युटरसुद्धा रांगणारच. सकाळी लवकर किंवा रात्री बसून बघा.

फाइल उघडायलाच वेळ लागत असेल तर पुढे जाऊ. मशीनच्या आत काय चालतं हे समजायला आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे तिचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे माळा, जिथं डबे, पोती, सणासुदीची भांडी सगळं साठवलेलं असतं. ओटा मोठा आणि मोकळा असेल तर भाकरी भराभर होते. पण ओट्यावर आधीच दहा पातेली मांडून ठेवली असतील तर तिनं काय करायचं? ती एक पातेलं उचलून माळ्यावर ठेवणार, लागलं की शिडीवर चढून परत काढणार, मग दुसरं वर ठेवणार. बाई धडधाकट असली तरी तिचा सगळा दिवस चढण्या-उतरण्यात जातो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये साधारण चार जीबीचा ओटा असतो आणि माळा म्हणजे जात्यासारखी फिरणारी तबकडी असते. तिथून वस्तू काढायला फार वेळ लागतो. कॉम्प्युटर 'अडकतो' म्हणतात तो बहुतेक वेळा या शिडीवर अडकलेला असतो.

ओटा भरलाय का, हे बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. लहानशी उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' असेल, त्यावर क्लिक करा. आता सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील आणि वर टक्के. सीपीयू म्हणजे बाई, मेमरी म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळ्याची शिडी. मशीन चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं सगळेच आकडे वर असतात, त्यामुळे जरा थांबून बघा. दहा मिनिटांनंतर काहीही काम उघडलेलं नसताना मेमरी ऐंशी-नव्वद टक्के असेल, तर ओट्यावर कोणीतरी न विचारता पातेली मांडली आहेत. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की जास्त जागा खाणारे वर येतात. त्यांची नावं वहीत उतरवा. लगेच काही बंद करू नका. विंडोजची स्वतःची कामंही त्याच यादीत असतात.

यादीत 'अँटीमालवेअर सर्व्हिस' किंवा 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' वर दिसलं तर घाबरू नका. पहिलं व्हायरस शोधत असतं, दुसरं अपडेट बसवत असतं. आपल्याकडे गंमत अशी होते, की अपडेट अर्ध्यात आलं की लाइट जाते, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू होतं, पुन्हा लाइट जाते. महिनाभर मशीन हळूच. लाइट टिकेल अशा दिवशी, काम नसताना, दोन-तीन तास चालू ठेवून अपडेट एकदाचं पुरं होऊ द्या. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेत असाल तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करून ठेवा, म्हणजे ऐन कामाच्या वेळी विंडोज तुमचा डेटा ओढत बसणार नाही. फक्त महिन्यातून एकदा ते बंद करून अपडेट घ्यायचं लक्षात ठेवा.

त्याच खिडकीत 'परफॉर्मन्स' नावाचं पान आहे. तिथं सीपीयूवर क्लिक केलं की खाली 'अप टाइम' म्हणून चार आकडे दिसतात. पहिला आकडा दिवसांचा. तो वाचून बऱ्याच जणी चमकतात. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करतो आणि इथं तर सव्वीस दिवस लिहिलंय! त्याचं कारण असं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा चालूच असते. आपण शट डाउन केलं की उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोज स्वतःचा पसारा आवरत नाही. तो तसाच बांधून डिस्कवर ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू करतं. रात्री खरकटी भांडी झाकून ठेवावीत आणि सकाळी त्यातच फोडणी टाकावी, तसं. सगळी भांडी घासली जातात ती 'रीस्टार्ट' केल्यावर. म्हणून आठवड्यातून एकदा तरी शट डाउनऐवजी रीस्टार्ट दाबा. एवढ्या एका सवयीनं ज्यांचं काम झालं अशी दोन ऑफिसं आम्ही पाहिली आहेत. दुकानदार हे सांगत नाही, कारण याचे पैसे घेता येत नाहीत.

आता ती न विचारता मांडलेली पातेली. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचं पान आहे. कॉम्प्युटर चालू होताना आपोआप उठणाऱ्यांची ती यादी. कुठलाही प्रोग्रॅम बसवला की तो हळूच या यादीत आपलं नाव घालून घेतो. गाणी वाजवणारा, सिनेमे उतरवणारा, व्हिडिओ मीटिंगचा, प्रिंटरच्या कंपनीचा, पीडीएफवाल्याचा. कधीतरी एका ऑनलाइन प्रशिक्षणासाठी बसवलेलं ॲप तीन वर्षांनंतरही रोज सकाळी उठून ओट्यावर बसतं. त्या नावावर उजवं बटण दाबा आणि 'डिसेबल' म्हणा. यानं प्रोग्रॅम पुसला जात नाही. तो फक्त स्वतःहून उठायचा थांबतो, तुम्ही उघडला की उघडतोच. त्यामुळे हे बिनधास्त करा. आवाजाचं, लॅपटॉपच्या टचपॅडचं आणि विंडोज सिक्युरिटीचं नाव तेवढं राहू द्या. वनड्राइव्हवर तुमच्या फाइली ठेवत असाल तर तेही.

या यादीत एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर दिसलं तर जरा थांबा. दुरुस्तीवाल्यानं लांबून मशीन बघायला ते बसवलेलं असतं. काम झाल्यावर ते रोज आपोआप चालू राहायचं काही कारण नाही. ज्या कॉम्प्युटरवरून गटाचे बँकेचे व्यवहार होतात, त्याचं दार कायम उघडं कशाला ठेवायचं? त्याला विचारा, आणि गरज नसेल तर काढूनच टाका.

आणखी एक मोठं पातेलं म्हणजे क्रोम. प्रत्येक उघडं पान ओट्यावर आपली वेगळी जागा घेतं. आमच्या ऑपरेटर ताईंना पंधरा-पंधरा पानं उघडी ठेवायची सवय असते, "परत शोधायला नको" म्हणून. त्यावर उपाय बुकमार्क. पान जपून ठेवायचं आणि बंद करायचं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी सेव्हर' आहे, ते चालू करा. 'सिस्टिम'मध्ये, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवायची एक सोय असते, ती बंद करा. आणि 'एक्स्टेन्शन्स' बघा. कोणी कधी बसवलं हे माहीत नाही अशी तीन-चार तिथं निघतातच. काढून टाका.

कोपऱ्यात मधूनमधून एक चौकट येते, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, इथे क्लिक करा." तो व्हायरसचा इशारा नसतो, ती जाहिरात असते. केव्हातरी एखाद्या वेबसाइटला आपण 'अलाऊ' म्हटलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'साइट सेटिंग्ज'मधून 'नोटिफिकेशन्स'मध्ये जा आणि त्या वेबसाइटचं नाव काढा. कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणणारे जे प्रोग्रॅम नेटवर फुकट मिळतात, त्यांनाही हीच वागणूक द्या. ते स्वतःच ओट्यावर बसतात आणि वर पैसे मागतात.

खरा व्हायरस आपल्याकडे येतो तो पेन ड्राइव्हमधून. झेरॉक्सच्या दुकानात एक प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह जातो, परत येतो तेव्हा सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झालेले असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही. पेन ड्राइव्ह लावला की आधी त्यावर उजवं बटण दाबून स्कॅन करायचं. आठवड्यातून एकदा विंडोज सिक्युरिटी उघडून पूर्ण स्कॅन लावा. बाहेरचं अँटीव्हायरस विकत घेतलं होतं आणि त्याची मुदत संपली असेल, तर ते अडून बसलेलं असतं. धड राखण करत नाही आणि जागाही सोडत नाही. ते अनइन्स्टॉल केलं की विंडोजचं स्वतःचं संरक्षण आपोआप जागं होतं. दोन-दोन अँटीव्हायरस तर मुळीच नकोत. ती एकमेकांचीच राखण करत बसतात.

आता माळा आवरू. 'धिस पीसी' उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी दिसते. ती लाल झाली असेल तर माळा गच्च भरलाय. विंडोजला पातेली वर ठेवायलाच जागा नाही. साधारण पाचवा हिस्सा मोकळा असावा. आधी डाउनलोड्सचं कपाट बघा. एकच शासन निर्णय चार वेळा उतरवलेला, नावापुढे कंसात एक, दोन, तीन. मेळाव्याचे व्हिडिओ डेस्कटॉपवर पडलेले. डेस्कटॉपसुद्धा सी ड्राइव्हवरच असतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. व्हिडिओ आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवा, निदान डी ड्राइव्हवर तरी. पुसलेलं सगळं रिसायकल बिनमध्ये जातं आणि तिथंही जागा अडवतं, म्हणून बिन रिकामा करा. मग सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' असं जाऊन विंडोजचा कचरा काढा. इथं एक जपायचं. त्या यादीत 'डाउनलोड्स'ही लिहिलेलं असतं. त्यावर टिक करू नका, नाहीतर बँकेची उतरवलेली स्टेटमेंटं कचऱ्याबरोबर जातील.

न वापरलेले प्रोग्रॅम 'ॲप्स'मध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. पण टॅली, प्रिंटर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, यातलं काही ऑपरेटर ताईंना विचारल्याशिवाय काढायचं नाही.

खिडक्या सरकत, विरघळत उघडतात ती नक्षीही जुन्या मशीनला जड जाते. सर्चमध्ये 'परफॉर्मन्स' टाइप करा, 'ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स' येईल, त्यात 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. मात्र 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' यावर टिक परत करा, नाहीतर आपल्या देवनागरीच्या वेलांट्या-उकार फाटल्यासारखे दिसतात आणि डोळे दुखतात.

आणि ते भरतकामाचं कव्हर! मशीन चालू असताना ते काढून ठेवा. लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका. आतला पंखा घुसमटला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. मसाल्याच्या किंवा पिठाच्या गिरणीशेजारी ऑफिस असेल तर जाळ्या लवकर बुजतात. मशीन बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशनं पुसून घ्या.

हे सगळं करूनही हलत नसेल, तर मोठा उपाय म्हणजे विंडोज नव्यानं बसवणं. सेटिंग्जमध्ये 'रीसेट धिस पीसी' असतं, त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं की फाइली राहतात. प्रोग्रॅम मात्र जातात. टॅलीचं लायसन्स, प्रिंटरचं सॉफ्टवेअर परत बसवावं लागतं, त्याची माहिती आधी लिहून ठेवा. नक्कल काढलेली नसेल तर या वाटेला जाऊच नका.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहेत. याचा धाक दाखवूनही नवीन मशीन विकलं जातं. धोका खोटा नाही. बँकेचं काम होणारं मशीन अपडेटशिवाय ठेवू नये. पण आधी मशीनवर विंडोज ११ बसतं का ते तपासून घ्या. साधारण २०१८ नंतरच्या पुष्कळ मशीनवर ते फुकट बसतं. त्याआधीच्या मशीनसाठी लिनक्स नावाची दुसरी प्रणाली आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती चार जीबीच्या ओट्यावर आरामात चालते. पैसे पडत नाहीत, अपडेट मिळत राहतात, मराठी टाइप होतं, एक्सेलसारखे तक्ते लिबरऑफिसमध्ये करता येतात. पेन ड्राइव्हवरून ती नुसती चालवून बघता येते, 'इन्स्टॉल' दाबेपर्यंत आतल्या डिस्कला हात लागत नाही. अडचण अशी की टॅली त्यावर सरळ चालत नाही. जुन्या फॉन्टमधलं मराठी टायपिंग, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन ही तिथं चालतीलच असं नाही. ज्या ऑफिसात फक्त पत्रं, तक्ते आणि वेबसाइट एवढंच काम आहे, तिथं आम्ही ती डोळे झाकून सुचवू. टॅलीवाल्यांनी घाई करू नये.

एक खूण मात्र वेगळी ओळखा. मशीनमधून टक-टक आवाज येतोय, फाइल मधेच उघडत नाही, चालू करताना डिस्कबद्दल काहीतरी इंग्रजीत लिहून येतं. ही तबकडी शेवटच्या घटका मोजत असल्याची खूण आहे. तिथं वरचे कुठलेच उपाय करू नका, स्कॅनही नको. आधी हिशोबाच्या फाइली बाहेर काढा. तेव्हा खर्च टळणार नाही. पण त्यासाठीही पूर्ण कॉम्प्युटर बदलायची गरज नसते. तबकडीच्या जागी एसएसडी नावाची न फिरणारी डिस्क बसते, आणि तिची किंमत नव्या मशीनच्या मानानं फारच कमी असते. दुकानदाराकडून कोटेशन घ्याल तेव्हा दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा, एक नव्या कॉम्प्युटरचा आणि दुसरा फक्त डिस्क बदलून जुना डेटा त्यावर उतरवून देण्याचा. दोन्ही कागद बैठकीत वाचून दाखवा आणि मगच ठराव लिहायला घ्या.